भिंतीकडे फिरवलेली खुर्ची

परवा लिंबायतच्या नाक्यावर एका रिक्षाच्या मागे तो फलक पुन्हा दिसला. पिवळा रंग, मधे मोठं घड्याळ, एका बाजूला गुजराती अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे. शब्दांच्या आणि आकड्यांच्या टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी नावं नोंदवा. माझी गाडी सिग्नलला थांबली होती. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवला, त्याच्या मागच्याने शिवी दिली, तरी मी तो फलक वाचतच राहिले. इतकी वर्षं गेली, पण त्या घड्याळाचा काटा दिसला की मी अजून मनात सेकंद मोजायला लागते. आणि मोजता मोजता राग येतो. राग जायला हवा होता असं लोक म्हणतात. मला तो जाऊ द्यायचा नाहीये.

मे महिन्यात आमचं लिंबायत अर्धं रिकामं होतं. कारीगर लग्नांना गावी जातात. कोणी नंदुरबारला, कोणी धुळ्याकडे, कोणी पार चोपड्याला. शेठ लोक डोक्याला हात लावून बसतात, कारण मशिनी आहेत आणि माणसं नाहीत. कापड विणणाऱ्या लूम्सच्या शेडला आमच्याकडे खातं म्हणतात. वर्षभर त्या खात्यांचा खडखडाट गल्लीच्या भिंतींमधून, जिन्यातून, आपण झोपतो त्या फरशीतून येत असतो. मे महिन्यात तो अर्ध्यावर येतो आणि मग नवेच आवाज ऐकू यायला लागतात. शेजारच्या घरातला कुकर, खालच्या गोळेवाल्याचा बर्फ किसण्याचा आवाज, कोणाच्या तरी पोराचं रडणं. लहानपणी मला वाटायचं की बर्फ फक्त उन्हाळ्यातच आवाज करतो.

त्या वर्षी मी दहावीची परीक्षा दिली होती आणि निकालाची वाट बघत होते. घरात उकाडा असा की माय साडीवर खडे चिकटवायला बसायची तेव्हा डिंकाच्या आधी तिचा घामच साडीवर पडायचा. मी तिच्याजवळ बसून खडे निवडून द्यायचे. मामाच्या मुलाचं लग्न होतं गावी. हळदीचे डाग पडलेली पत्रिका खिडकीच्या गजात खोचलेली होती. आणि त्याच आठवड्यात माझ्या स्पर्धेचा पुढचा टप्पा होता. म्हणून आम्ही लग्नाला गेलो नाही. मामाने दोन वर्षं धरून ठेवलं ते. अजूनही पंगतीत बसलो की तो मला विचारतो, काय वैशाली, टीव्हीवर कधी दिसणार?

स्पर्धा तशी सोपी. प्रत्येक टप्प्यात दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत नऊ अक्षरं द्यायची, त्यातून मोठ्यात मोठा गुजराती शब्द करायचा. मी घरी अहिराणी बोलायचे, शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी ऐकायचे आणि वाचनालयातून मराठी पुस्तकं आणायचे. मला शब्द कमी पडायचे नाहीत, उलट फार व्हायचे. चार भाषांतले शब्द एकदम दारात उभे राहायचे आणि त्यातल्या तिघांना बाहेर थांबवून एकालाच आत घ्यावं लागायचं. त्यात वेळ जायचा. दुसऱ्या फेरीत सहा आकडे द्यायचे आणि एक मोठी संख्या. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून त्या सहा आकड्यांतून ती संख्या गाठायची. अर्ध्या मिनिटात. तिथे मात्र मला कोणाला बाहेर थांबवावं लागत नव्हतं.

ते मला कोणी शिकवलं हे इथे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच झालं. आबांनी शिकवलं. माझे वडील. चौथीत शाळा सुटलेली, वीस वर्षं खात्यात काढलेली, आठ मशिनी सांभाळणारे. कापडाचा ताका, म्हणजे तागा, ठरलेल्या मीटरचा लागतो, पण मशिनीवरून उतरलं की कापड आकसतं. म्हणून आबा आधी थोडं जास्त विणून घ्यायचे आणि मग वरचं कापायचे. किती जास्त, हे ते डोक्यात ठरवायचे. आठही मशिनींवरचा ताका किती वाजता भरेल हे चहा पिता पिता सांगायचे. मी पाचवीत असताना वजाबाकीवर रडत बसले होते, तेव्हा त्यांनी मला तेवढंच सांगितलं होतं. "पहिले जास्ती ले, मंग काप." वर्गातली बाकीची मुलं खालून वर चढत संख्येकडे जायची. मी वरून खाली यायचे. एवढाच फरक होता, पण स्पर्धेत तो पुष्कळ होता.

आता आबांच्या हातांबद्दल. खात्यात बोललेलं ऐकू येत नाही. कानात तोंड घालून ओरडलं तरी नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. अंगठा ओठाला लावला की पाणी. चिमटी धरून झटकन उघडली की तार, म्हणजे धागा, तुटली. पोटावर मोठा गोल काढला की शेठ आला, आणि हे शेठला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. तर्जनी हवेत गोल गोल फिरवली की चालू दे, थांबवू नको. आमच्या गल्लीतले लोक रस्त्याच्या दोन टोकांना उभे राहून अख्खं भांडण हातांनी करू शकतात. आम्ही मुलं शाळेत मास्तरांच्या पाठीमागे हेच करायचो. ती आमची पाचवी भाषा होती. आणि तिला स्पर्धेत जागा नव्हती.

खात्यातल्या माणसाचं दुसरंही एक होतं. वीस वर्षं खडखडाटात काढली की आवाज मोठा होतो. आबा साधं "चहा दे" म्हणाले तरी खालच्या मजल्यावरची बाई वर बघायची. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी निघताना मायने त्यांना बजावलं होतं की तिथे तोंडातून शब्द काढायचा नाही. तिथे सगळे शांत बसतात, तुमचा आवाज टीव्हीत जाईल, पोरीचं हसं होईल. मीही मान डोलावली होती. ही मान डोलावली त्याचं मला आजही वाईट वाटतं. आबा हसले आणि ओठांवर बोट ठेवून आमच्याबरोबर निघाले.

तो हॉल नदीपलीकडे होता. थंडगार, गालिचा घातलेला. पावलांचा आवाजसुद्धा येत नव्हता. आबा तिसऱ्या रांगेत बसले, अंगात लग्नासाठी शिवलेला पांढरा शर्ट. त्यांच्याबरोबर त्यांच्या खात्यातले आणखी तिघे आले होते, एक दिवस बुडवून. माय शेवटच्या खुर्चीवर, पदर घट्ट धरून. मी मंचावर दिव्यांसमोर. शब्दांची फेरी बरी गेली. मग आकडे आले. पंचाहत्तर, पन्नास, सात, सहा, चार, तीन. गाठायची संख्या आठशे बासष्ट.

घड्याळ सुरू झालं आणि माझं डोकं बंद पडलं. पेन्सिल कागदावर टेकलेली, हात हलेना. पहिली पाच-सात सेकंदं मी नुसती दिव्यांकडे बघत होते. आणि मग मला तिसरी रांग दिसली. आबांनी हनुवटी उचलून चिमटी उघडली. तार तुटली का? मी बघतच राहिले. मग त्यांनी तर्जनी हवेत फिरवली. चालू दे. थांबवू नको.

तोंड उघडायचं नाही असं आम्ही सांगितलं होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही. आपला माणूस अडकलेला दिसला की हातांनी बोलायचं, हे ते रोज आठ मशिनींच्या मधे उभं राहून करत होते. त्यात काही चूक असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही नाही.

माझी भीती गेली. मी पंचाहत्तर आणि पन्नास एकत्र केले, सव्वाशे. सात पट, आठशे पंच्याहत्तर. जास्त झालं, होऊ दे. आता काप. सहा, चार आणि तीन मिळून तेरा. आठशे बासष्ट. सहाच्या सहा आकडे वापरले होते. मी उत्तर सांगितलं तेव्हा बाकीच्या दोन स्पर्धकांचे कागद अर्धवटच होते. सूत्रसंचालकांनी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात कानाला हेडफोन लावलेली, कार्यक्रमाची एक बाई मंचावर आली, त्यांच्या कानाशी काही बोलली, आणि दिवे विझले.

आम्हाला आतल्या एका खोलीत नेलं. आरसे, पावडरचा वास, फिरत्या खुर्च्या. ती बाई वाईट नव्हती, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. ती म्हणाली की कॅमेऱ्यात दिसलंय, या भाईंनी हातांनी काहीतरी आकडे दाखवले. मी म्हणाले ते आकडे नव्हते. मी तिला खुणांचा अर्थ सांगितला. तिने माझ्याकडे पाहिलं, आबांच्या हातांकडे पाहिलं, आणि तिला आमची दया आली. मग तिने आमच्या भल्यासाठी मार्ग काढला. एक कागद लिहून आणला. त्यावर वडिलांनी सही करायची, म्हणजे गुण मला मिळतील आणि मी पुढच्या टप्प्यात जाईन.

कागद गुजरातीत होता. आबांना गुजराती बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मी वाचून दाखवलं: मी फक्त चौथी शिकलेलो आहे. मला गणित येत नाही. माझ्या हातवाऱ्यांना काही अर्थ नाही.

शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली. मी प्रामाणिक आहे हे सिद्ध करायला माझ्या बापाने स्वतःला अडाणी म्हणून लिहून द्यायचं होतं. आणि वीस वर्षं ज्या हातांनी ते बोलले, त्या हातांना काही अर्थ नाही असंही लिहून द्यायचं होतं. ती बाई ते इतक्या प्रेमाने समोर धरून उभी होती की तिला हे दिसतच नव्हतं. चोर म्हटलेलं मला एक वेळ परवडलं असतं. ही दया परवडत नव्हती.

आबांनी पेन घेतलं सुद्धा. त्यांचं सोपं होतं. "तुले टीव्हीवर जानं शे ना? मंग करू दे." त्या बंद खोलीत त्यांचा आवाज केवढा मोठा वाटला. बाहेर रांगेत बसलेल्या मायलाही ऐकू गेला असणार.

मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. मी पंधरा वर्षांची होते, माझ्या अंगावर उसनी ओढणी होती, पण मी त्या बाईला स्वच्छ गुजरातीत सांगितलं की माझ्या वडिलांना गणित येतं. मी जे करते ते त्यांनीच शिकवलंय. आज नाही, पाच वर्षांपूर्वी. यात काही लबाडी असेल तर प्रत्येक मुलाचा मास्तर लबाड आहे. आणि मग म्हणाले, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवा, नवे आकडे द्या, आणि मागे ज्याला जे हात हलवायचे ते हलवू द्या.

त्यांनी फिरवली. हे मात्र मानलं पाहिजे. कदाचित त्यांनाही बघायचं असेल. मंचावर परत जाऊन मी प्रेक्षकांकडे पाठ करून बसले. समोर पांढरी भिंत होती आणि तिच्यावर एका खिळ्याचं भोक होतं. शंभर, पंचवीस, नऊ, आठ, पाच, दोन. गाठायची संख्या नऊशे सत्त्याहत्तर. शंभर आणि पंचवीस, पुन्हा सव्वाशे. आठ पट, हजार. जास्त झालं. नऊ दुणे अठरा आणि पाच, तेवीस. काप. मी उत्तर त्या भोकाकडे बघत सांगितलं.  मागे टाळ्या वाजल्या, आणि त्यात चार माणसांच्या टाळ्या फार मोठ्या होत्या. खात्यातल्या माणसाला हळू टाळी वाजवता येत नाही.

मला वाटलं झालं. पण आतल्या खोलीत कागद टेबलावर तसाच होता. सूत्रसंचालक म्हणाले की मुलगी हुशार आहे, यात शंकाच नाही, पण आता औपचारिकता म्हणून सही तेवढी लागेल. मी नाही म्हणाले. ते म्हणाले मग पुढचा टप्पा नाही. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी या वेळी पेनाला हात लावला नाही. "मन्ही पोर चोर नही शे," ते म्हणाले, "आनि मी बी येडा नही शे." मग आम्ही घरी आलो. खात्यातले तिघेही आमच्याबरोबर चालत आले. पुलावर आबांनी सगळ्यांना गलेली घेऊन दिली. ताडाची ती थंड, पाण्याने भरलेली गलेली मी रडत रडत खाल्ली, आणि तरी ती गोड लागली.

सोसायटीत आजही कोणी म्हणतं की सही केली असती तर पोरगी कुठल्या कुठे गेली असती. कुठे गेली असती? मी शेजारच्या गोडादऱ्यात शिकवणी घेते. माझ्याकडे साठ मुलं येतात, आणि साठही मुलं आधी जास्त घेतात आणि मग कापतात. शाळेतले मास्तर त्यांना विचारतात की ही कुठली रीत. मुलं सांगतात की ही खात्याची रीत. मला ते ऐकून जो आनंद होतो तो मी लपवत नाही.

स्पर्धेचा तो भाग तेव्हा दोन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी टीव्हीवर लागला. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, पण खात्यातल्या तिघांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं. गावी गेलेलेही बरेच परत आले होते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणि बाहेरच्या जिन्यावर चाळीसएक माणसं कोंबली होती. शब्दांच्या फेरीत मी दिसले. बायकांनी ओढणीचं कौतुक केलं. मग जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्या आणि माझी खुर्ची रिकामी होती. सूत्रसंचालक बाकीच्या दोघांशी असे बोलत होते, जणू ते पहिल्यापासून दोघंच होते. माझे आठशे बासष्ट नाहीत, नऊशे सत्त्याहत्तर नाहीत, भिंत नाही. माय उठून आत गेली. मला वाटलं ही खोली आता माझ्यावर कोसळेल.

आणि तेवढ्यात, दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तरावर टाळ्या दाखवायच्या म्हणून त्यांनी प्रेक्षकांचं एक दृश्य टाकलं होतं. दोन सेकंदांचं. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टातले आबा. तर्जनी हवेत गोल फिरत होती. मला कापलं होतं आणि ते बोट कापायला विसरले होते.

आमच्या खोलीत त्या बोटाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. चाळीस माणसांनी ते एका क्षणात वाचलं. पहिल्यांदा जिन्यावरच्या एकाने हात वर केला आणि तर्जनी फिरवली. मग सगळ्यांनी. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळे त्या छोट्या टीव्हीकडे हात करून बोट फिरवत होते आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. आबा त्यांच्यात बसले होते. त्यांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते की रडत होते हे मी विचारलं नाही.

आता आबांना जवळजवळ ऐकूच येत नाही. जुन्या मशिनी जाऊन खात्यात पाण्याच्या झोतावर विणणाऱ्या नव्या आल्या, आबा घरी बसले, पण कानात तो खडखडाट राहिला आहे असं ते सांगतात. आमच्या घरातले सगळे आता त्यांच्याशी हातांनी बोलतात. माझ्या भावाची मुलगी तन्वी नववीत आहे. ती तर त्यांच्याशी हातांनी विनोदही करते. आणि परवा मी तो फलक बघून घरी आले तर तिने फॉर्म आधीच आणून ठेवला होता. वरून खाली यायला ती माझ्यापेक्षा जलद आहे.

फॉर्म वाचला. स्पर्धकाचं नाव, शाळा, सोबत येणाऱ्या पालकाचं नाव. आणि खाली नियम. त्यात एक नियम नवा होता. माझ्या वेळी तो नव्हता, म्हणजे तो कोणामुळे आला ते मला कळलं. स्पर्धकाच्या नातेवाइकांनी चित्रीकरणाच्या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवावेत, कोणतेही हातवारे करू नयेत, हे मान्य असल्याची पालकांनी सही करावी.

तन्वीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळी गोष्ट ठाऊक आहे. तिला जायचं आहे, आणि तिलाही परत पाठवलं जाऊ शकतं, हेही तिला ठाऊक आहे. परत पाठवलं तर काय, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आत्या, भिंतीकडे बसूनच सराव करतेय मी. महिना झाला." मी उठून आतल्या खोलीत पाहिलं. खुर्ची खरंच भिंतीकडे तोंड करून होती.

मग मी सोबत येणाऱ्या पालकाच्या जागी आबांचं नाव घातलं. त्या नियमावर पेनाने सरळ एक रेघ ओढली आणि बाजूला गुजरातीत लिहिलं: आमची माणसं हातांनी बोलतात, ती तिथेही बोलतील, मुलीची खुर्ची भिंतीकडे फिरवावी. लिहिलेलं मी आबांना हातांनी सांगितलं. सांगताना भिंतीच्या खुणेपाशी मी जरा अडखळले, तर त्यांनी हनुवटी उचलून चिमटी उघडली. मी बोट फिरवलं. त्यांनी चष्मा लावला, पेन मागितलं, आणि त्या ओळीच्या खाली, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.